फ्लॅनेलचा शर्ट की फ्लीसचं जॅकेट?

पुण्या-नाशिकच्या थंडीत रोज घालायला माझं मत सरळ फ्लॅनेलला. सुती कापड विणून झालं की तारांच्या बारीक ब्रशांनी ते खरवडतात, वर मऊ लव येते आणि त्या लवेत हवा अडकते. ऊब त्या हवेची. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांना हे कापड उगाच नाही लागत. चौकडी म्हणजे फ्लॅनेल नव्हे, बरं का. दुकानात लव बोटांनी चाचपून बघा. मूळचं फ्लॅनेल वेल्समधलं, लोकरीचं. क्रिकेटच्या पांढऱ्या पोशाखाला ‘फ्लॅनेल्स’ म्हणतात ते त्यावरूनच.

फ्लीसलाही लवच काढतात, पण ते पॉलिएस्टरचं. अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने १९७९ साली ते तयार केलं. वजनाला हलकं, पाणी धरत नाही, झटकन वाळतं. हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर मुकाट्याने फ्लीस न्या. घामाने भिजलेलं सुती फ्लॅनेल अंगाला गार लागतं. शेकोटीपाशी मात्र दोन्ही जपून: फ्लीस वितळून कातडीला चिकटतं, फ्लॅनेलची लव चटकन पेट घेते.

शहरात गोष्ट वेगळी. दहाचं ऊन चढलं की फ्लॅनेलच्या बाह्या दुमडल्या, बटणं सोडली, काम झालं. फ्लीसमध्ये उकडतं, मग ते दिवसभर हातात वागवा. शिवाय दर धुण्याला त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात.

सुती फ्लॅनेल आटतं, तेव्हा शर्ट किंचित सैल घ्या आणि गार पाण्यातच धुवा.