पबमध्ये नको, नाट्यगृहातच ऐका

गाणारा नसलेल्या, नुसती वाद्यं वाजवणाऱ्या या बँडला मी पबमध्ये ऐकलंय, कॉलेज फेस्टिव्हलमध्ये ऐकलंय, एकदा तर मॉलच्या फूड कोर्टशेजारीसुद्धा. पण शनिवारी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात जे ऐकलं, त्याची सर कशालाच नाही. आणि त्याचं निम्मं श्रेय मी हॉलला देणार.

आपली नाट्यगृहं बांधली जातात ती बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचावा म्हणून. आवाज घुमत राहिला तर संवाद कळत नाहीत, त्यामुळे घुमारा साधारण एक सेकंदाच्या आसपास ठेवतात. सिंफनीच्या हॉलला तो जवळजवळ दुप्पट लागतो. आता या बँडचा लीड गिटारवाला डिले पेडलवर, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या पायाखालच्या यंत्रावर, स्वतःच इतके प्रतिध्वनी उभे करतो, की त्यात हॉलच्या घुमाऱ्याची भर पडली की नुसता गिचका होतो. पबमध्ये नेमकं तेच होतं, वर लोकांच्या गप्पा फुकट. इथे एकेक सूर सुटा ऐकू आला. गिटार वाजवणाऱ्यांसाठी सांगते: मिनिटाला १२० ठोक्यांच्या टेम्पोला ३७५ मिलिसेकंदांचा डिले लावला, की वाजवलेला सूर आणि परतून येणारा सूर एकमेकांच्या फटीत बसतात. माणूस एक, वाजतात दोन.

बाबांना सोबत नेलं होतं. राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांची प्रकाशयोजना करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पहिला ट्रॅक संपल्यावर हळूच विचारतात, "अगं, गाणारा कधी येणारे?"

"बाबा, गाणाराच नाहीये यांच्यात."

"मग तिकीट तरी कमी ठेवायचं."

हा प्रश्न मला ऑफिसातही विचारतात. पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल-ताशा पथकासमोर उभं राहून कुणी विचारतं का, की गाणारा कुठाय? आणि शब्द नाहीत म्हणून अर्थ नाही, असंही नाही. १९५८ साली लिंक रे या गिटारवादकाचं 'रंबल' अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी लावायलाच नकार दिला होता, पोरं बिघडतील म्हणून. त्यात एक शब्द नाही!

मधल्या संथ तुकड्यात बँडच्या गिटारवाल्याने ई-बो काढला. मुठीत मावेल एवढी वस्तू. तारेवर धरली की तिच्या चुंबकीय क्षेत्राने तार न छेडताच थरथरत राहते. सूर सुरू कधी झाला ते कळतच नाही, कळतं तेव्हा तो अख्ख्या हॉलभर असतो. ड्रमरने काठ्या ठेवून मऊ बोंडाचे मॅलेट घेतले आणि झांजेवर इतकं हलकं वाजवलं, की आधी मला एसीचाच आवाज वाटला. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. गाणाऱ्याची चौकशी तिथे संपली.

पुढे एका ट्रॅकला ऐन चढावर गिटारवाल्याची सर्वांत बारीक तार तुटली. बेस आणि ड्रम्सनी तोच चार मात्रांचा तुकडा फिरवत ठेवला, याने शांतपणे दुसरी गिटार गळ्यात घातली, सूर तपासला आणि समेवर परत आला. टाळ्या पडल्या त्या ट्रॅकला की त्या समेला, कोण जाणे.

तक्रार आहे ती आयोजकांची. दारं उशिरा उघडली, रांग कुठली कुणासाठी ते सांगायला एक माणूस नाही. आणि दिवे! प्रत्येक चढावाला पांढरे झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत. बाबा म्हणाले, "संगीत तीन मिनिटं हळूहळू चढतंय आणि हा दिवेवाला पहिल्याच मिनिटाला सगळे दिवे उधळून बसलाय. शेवटाला काय मेणबत्ती लावणार?" अगदी खरं.

मैदानातल्या शोला रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावे लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंद सभागृहांना मात्र मुभा आहे, त्यामुळे 'वन्स मोअर' घाईत उरकला नाही. घड्याळ बघायचं ते आम्हा ऐरोलीकरांनी, ठाणे लोकलसाठी.

जाणार असाल तर मधल्या रांगा घ्या. अगदी पुढे बसलात तर ड्रम्स थेट कानावर आदळतात आणि वर टांगलेल्या स्पीकरमधली गिटार डोक्यावरून जाते. इअरप्लग जवळ ठेवा. पाचपैकी चार तारे, एक त्या पांढऱ्या दिव्यांचा कापलाय.