बोटुलिनमच्या चार खेपा, अकरा महिने आणि वाया गेलेली पन्नास युनिट

काल बोटुलिनम टॉक्सिनच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनांच्या, चौथ्या खेपेला सहा आठवडे झाले आणि मान अजून सरळ आहे. तिसऱ्या खेपेनंतर मी हे सगळं सोडायच्या बेतात होते, म्हणून आजच लिहून ठेवते.

मला सर्व्हायकल डिस्टोनिया आहे, मान आपोआप डावीकडे वळते. आधी दोन वर्षं स्पॉन्डिलोसिस (मानेच्या मणक्यांची झीज) म्हणून गळ्याला पट्टा, ट्रॅक्शन, शेक सगळं झालं. एकांनी तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. मी बँकेत काउंटरवर बसते. ग्राहक समोर आणि माझं तोंड भिंतीकडे. हनुवटीला बोट टेकवलं की मान जागेवर यायची, म्हणून एक हात कायम तिथेच. परळच्या न्यूरॉलॉजिस्टनी तेवढं बोट बघितलं आणि आजार ओळखला. बोट टेकवून मान अशी जागेवर येण्याला सेन्सरी ट्रिक म्हणतात. डिस्टोनिया हे नाव १९११ साली ओपनहाइम यांनी दिलं, तरी पुढे कित्येक वर्षं हा मनाचा आजार समजला जायचा. १९९७ मध्ये लहानपणी सुरू होणाऱ्या एका प्रकाराचं जनुक सापडलं. आता बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले, हालचालींवर ताबा ठेवणारे भाग), लहान मेंदू आणि मेंदूचा बाहेरचा थर यांच्या आपसातल्या जोडणीतच बिघाड असतो, असं मानतात. हे ऐकून दादरपर्यंत टॅक्सीत मी रडत होते. ‘टेन्शन’ हा शब्द दोन वर्षं माझ्या अंगावर होता.

आता औषधाबद्दल. नसेच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप हे टॉक्सिन अडवतं आणि ओढणारा स्नायू सैल पडतो. आठवड्याभरात फरक दिसायला लागतो, साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा सुया. मला १५० युनिट लिहून दिली. केमिस्टकडे १०० ची कुपी, म्हणजे दोन घ्यायच्या. एका कुपीच्या पैशात आमच्याकडे दोन महिन्यांचा किराणा येतो. शिवाय अ‍ॅडमिशन नाही म्हणून विम्याने क्लेम नाकारला. एवढं करून उरलेली पन्नास युनिट माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात! मी भांडले. फ्रिजमध्ये ठेवा, पुढच्या वेळी वापरू, म्हटलं. पण पावडर एकदा सलाइनमध्ये विरघळली की चोवीस तासांत संपवावी लागते, आणि एकाची कुपी दुसऱ्याला टोचायची नसते. कारण पटलं, तरी ती कुपी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

पहिल्या खेपेला मान बरीच सुटली, पण दोन आठवडे घास अडकायचा. वरणभात पातळ करून गिळला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी मी हट्टाने एकच कुपी नेली, शंभरात भागवा म्हटलं. सातव्या आठवड्यात मान परत भिंतीकडे. लगेच पुन्हा द्या म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणाले. बारा आठवड्यांच्या आत वारंवार दिलं तर शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं, मग औषधच लागू पडत नाही. तोवर मला वाटत होतं की केमिस्टकडून आणताना बर्फ वितळला, कुपी खराब झाली. थर्मास बदलला, जेलपॅक दोन केले, लोकलमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायचे. दोन ते आठ अंश सांभाळायलाच हवेत, पण चूक तिथे नव्हती.

चौथ्या खेपेला दुसरीकडे गेले. तिथे सुई ईएमजी मशीनला, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल आवाजात ऐकवणाऱ्या यंत्राला, जोडतात. जो स्नायू खेचतोय त्यात सुई गेली की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. मान डावीकडे वळते तेव्हा उजव्या बाजूचा पुढचा स्नायू आणि डाव्या बाजूचा मागचा, असे दोन्ही ओढतात. माझा मागचा प्रचंड तडतडला, पुढचा जेमतेम. आधी बराचसा डोस पुढच्यालाच जात होता. तो घशाजवळ, म्हणून घास अडकत होता. या वेळी डोस तितकाच, १५०, फक्त वाटणी वेगळी. आठव्या दिवशी मी दोन्ही हातांनी पासबुकं भरली. गिळायला काहीच त्रास नाही. त्यामुळे तिसऱ्या खेपेनंतर घरी जे बोलले होते की हे औषध पैसेवाल्यांचं, ते मागे घेते. आपल्याकडे कोणी आवाज ऐकून सुई देतं का, हे पहिल्या दिवशीच विचारा. ब्रँड बदलला तर युनिटचे आकडे जुळवू नका, एकाचं युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचं नसतं.

इंजेक्शनं पुरली नाहीत तर डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात, पण डिस्टोनियात त्याचा पूर्ण गुण दिसायला कित्येक महिने जातात. मला सध्या लागेलसं वाटत नाही.

आणि हो, पन्नासची कुपी मिळते! दुकानात ठेवत नाहीत, आधी सांगून मागवावी लागते. हे मला नऊ महिने कोणी सांगितलं नाही, ना केमिस्टने, ना दवाखान्यात. चौथ्या खेपेला शंभर अधिक पन्नास नेल्या आणि एक थेंब फेकावा लागला नाही. पुढच्या खेपेची चिठ्ठी आजच केमिस्टकडे देऊन आले.