समुद्रपातळीची मोफत आकडेवारी: सेवा उत्तम, पण केंद्र पारखून घ्या

आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरंही सांगतात. समुद्राच्या पातळीची अशीच नोंद बघायची असेल तर लिव्हरपूलची ‘परमनंट सर्व्हिस फॉर मीन सी लेव्हल’ ही 1933 पासूनची सेवा आहे. जगभरच्या बंदरांची मासिक सरासरी इथे फुकट मिळते. मुंबईची नोंद तर 1878 पासूनची आहे. सातारा-सांगलीतल्या कॉलेजांत भूगोलाच्या प्रकल्पासाठी याहून चांगलं साधन सहज हाती लागणार नाही.

डाऊनलोड करताना ‘आरएलआर’ (म्हणजे सगळ्या नोंदी एकाच स्थिर पायावर आणलेली) मासिक फाईलच घ्या. ‘मेट्रिक’ फाईलमध्ये मोजणीचा पाया मध्येच बदललेला असू शकतो, त्यावरून कल काढला की उत्तर हमखास चुकतं. एक्सेलमध्ये उघडताना अर्धविरामावर रकाने पाडा. आकडे 7000 च्या आसपास दिसले तर दचकू नका. ते मिलिमीटर आहेत, आणि शून्य मुद्दाम सरासरी पातळीच्या सुमारे 7 मीटर खाली धरलेलं आहे. -99999 म्हणजे नोंद नाही. तो आकडा पुसला नाही तर सगळा आलेख झोपतो. तारीख 1950.0417 अशी येते: दशांश भागाला 12 ने गुणून 0.5 मिळवा, महिना निघतो.

खरी गोम केंद्र निवडण्यात आहे. पश्चिम बंगालमधल्या हुगळी या गंगेच्या फाट्यावरच्या डायमंड हार्बरची आणि मुंबईची महिनावार सरासरी शेजारी ठेवा. मुंबईची रेघ त्या मानाने सपाट, हुगळीची ऑगस्ट-सप्टेंबरात उंच चढलेली. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला हा वार्षिक चढउतार जवळपास मीटरभर आहे. वारा आणि पाण्याचं तापमान यांचाही त्यात हात आहे, पण नदीचा वाटा मोठा. कोलकात्याचं गार्डन रीच केंद्र तर नदीतच आहे. 1975 ला गंगेवरचा फरक्का बंधारा सुरू झाला, 40,000 क्युसेकपर्यंत पाणी हुगळीकडे वळवण्यासाठी. त्याआधीची आणि नंतरची वर्षं एकाच रेषेत जोडून ‘समुद्र इतका वाढला’ म्हणणं सरळ चूक आहे. शिवाय त्रिभुज प्रदेशात जमीनही खचते, आणि मोजपट्टी जमिनीलाच बांधलेली असते.

मुखाबाहेर नदी पातळी कशी वाढवते? नुसत्या जास्तीच्या पाण्याने नव्हे, ते तर महासागरभर पसरतं. गोडं पाणी हलकं असतं. 10 मीटर खाऱ्या पाण्याच्या वजनाला गोड्या पाण्याचा सुमारे 10.25 मीटर उंच थर लागतो. वरचे 25 सेंटिमीटर तिथून येतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात हा थर किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे सरकतो, म्हणून आपल्या पूर्व किनाऱ्यावर तो दक्षिणेकडे जातो. 2018 च्या एका अभ्यासात अमेरिकेच्या किनाऱ्यासाठी वार्षिक प्रवाहात 1 घन किलोमीटर वाढ झाल्यास पातळी 0.01 ते 0.08 सेंटिमीटर वाढते असं निघालं. आपल्या मापात, कोयनेचे 105 टीएमसी म्हणजे साधारण 3 घन किलोमीटर. तोच गुणाकार केला तर 0.3 ते 2.4 मिलिमीटर. आकडा तिथल्या किनाऱ्याचा आहे, कृष्णेच्या मुखाला जसाच्या तसा लावू नका, पण अंदाज बांधायला पुरतो.

सेवेची उणीव एकच, पण मोठी: पातळीशेजारी नदीचा विसर्ग किंवा हवेचा दाब मिळत नाही. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला तर पाणी सुमारे 1 सेंटिमीटर चढतं, ती दुरुस्ती आपणच करायची. पावसाळ्याचे दोन महिने गहाळ असतील तर हुगळीसारख्या केंद्रावर त्या वर्षाची सरासरी खोटी खाली येते. असं वर्ष सोडून द्या.

पाचपैकी चार गुण. दीर्घकालीन वाढ हवी असेल तर मुंबई घ्या, नदीचा परिणाम शिकायचा असेल तर डायमंड हार्बर. कृष्णेच्या बाजूचा समुद्र बघायचा असेल तर 1937 पासूनचं विशाखापट्टणम आहे, पण ते मुखापासून बरंच उत्तरेला, आणि कृष्णेचं पाणी पावसाळ्यानंतर जातं दक्षिणेला.