दुसऱ्या स्टार्टअपआधी: जुनी कंपनी बंद करायची की निद्रिस्त ठेवायची?

बाणेर-हिंजवडीत दुसऱ्या कंपनीच्या तयारीला लागलेला संस्थापक पहिलीला बहुतेकदा तसाच सोडतो, आणि तिथेच घात होतो. सलग 3 वर्षं वार्षिक विवरणं भरली नाहीत तर 5 वर्षं संचालकपदासाठी अपात्र. मग नवी कंपनी कसली काढता! एओसी-4 (आर्थिक ताळेबंद) आणि एमजीटी-7 (वार्षिक विवरण) या फॉर्मवर उशिराचा दंडही प्रत्येकी रोज 100 रुपये.

कायमची बंद करायची असेल तर एसटीके-2, म्हणजे कंपनी निबंधकांच्या नोंदीतून नाव काढण्याचा अर्ज, शुल्क 10,000 रुपये. व्यवसाय 2 आर्थिक वर्षं थांबलेला हवा. देणी फेडा, बँक खातं बंद करा. सीएने प्रमाणित केलेला हिशेब 30 दिवसांपेक्षा जुना नको. संचालक-भागधारकांच्या सह्या गोळा करण्यात हीच मुदत उलटते. कोड, डोमेन, ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर असतील तर आधी लेखी करारानं हस्तांतरित करा. नाव कटलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही.

निद्रिस्त दर्जासाठी, म्हणजे व्यवहार थांबवून कंपनी कागदोपत्री जिवंत ठेवण्यासाठी, एमएससी-1 हा अर्ज. त्यानंतर दरवर्षी एमएससी-3 हे विवरण, वर्षात संचालक मंडळाच्या किमान 2 बैठका, आणि मुदत सलग 5 वर्षांपर्यंतच. पेटंट किंवा ट्रेडमार्क खरोखर पुन्हा वापरायचा असेल तरच हा खर्च करावा. नुसत्या जिव्हाळ्यापोटी कंपनी सांभाळू नका, बंद करा.