कर्सर आपोआप पळत होता आणि मी परक्या माणसाला आत घेतलं

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग गेली 9 वर्षं मी घरीच करते, इथे इंदूरला, सुदामा नगरात. यंदा गणपती तोंडावर आले होते, 58 पानांपैकी जेमतेम 30 झाली होती आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप अंगात आल्यासारखा वागायला लागला. माउसला हात न लावता बाण उजव्या कोपऱ्यात पळायचा. पान खाली न्यावं तर झरझर वर जायचं. टाइप करता करता कर्सर भलत्याच ओळीत उडी मारायचा आणि देणगीदारांच्या यादीत जाहिरातीचे दर घुसायचे. मी न दाबताच एकदा एक फाइल उघडली, तेव्हा पोटात गोळा आला. कोणीतरी आत बसून हे चालवतंय, असंच वाटलं. हीच भीती पुढे त्या माणसाने वापरली, म्हणून ती आधी सांगते.

मी लॅपटॉपच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ एवढं सर्चमध्ये टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. वरच्या ओळीवर बरेचदा ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हे मला आता माहीत आहे. कंपनीचा खरा नंबर लॅपटॉपच्या बिलावर आणि वॉरंटी कार्डावर छापलेला होता, आणि ती दोन्ही कपाटातल्या फाइलमध्ये नीट ठेवलेली होती.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. त्याने दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवता येईल असं एक ॲप उतरवायला लावलं आणि त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर विचारला. मी वाचून दाखवला, आणि ‘परवानगी द्या’ असं आलं तिथे दाबलं. तो नंबर सांगून परवानगी देणं म्हणजे घराची किल्ली हातात देणं आहे. त्यानंतर तो म्हणाला, “मैडम, माउस छोड़ दीजिए। देखिए, कौन चला रहा है?” बाण पडद्यावर गोल गोल फिरत होता. तो फिरवणारा तोच होता. पण दोन दिवस आपोआप पळणारा बाण पाहिलेल्या मला त्यात पुरावाच दिसला.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या घडामोडींची नोंदवही. लाल खुणांची लांबलचक यादी. “ये सब वायरस हैं.” हे नीट लक्षात ठेवा: इव्हेंट व्ह्यूअर प्रत्येक विंडोजमध्ये असतो, आणि अगदी धडधाकट कॉम्प्युटरवरही त्यात लाल-पिवळ्या नोंदी भरपूर असतात. पडद्यामागे चालणारा एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद पडते. त्या नोंदींचा व्हायरसशी संबंध असेलच असं नाही. काही ठिकाणी हेच लोक काळ्या खिडकीत आकड्यांची रांग दाखवून ‘हे बाहेरचे हॅकर जोडलेत’ म्हणतात. ते आकडे बहुतेक वेळा आपण उघडलेल्या साध्या वेबसाइटचे असतात. कधी पडद्यावर भोंगा वाजवत इशारा येतो आणि खाली फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

तीन वर्षांच्या ‘सिक्युरिटी’चे 4,999 रुपये मी यूपीआयने दिले. पैसे घेणाऱ्याच्या जागी कंपनीऐवजी एका माणसाचं नाव आलं होतं. मी ते वाचलं, आणि तरी पिन टाकला. पाच मिनिटांनी तो म्हणाला, पेमेंट अडकलंय, परत करतो, नेट बँकिंग उघडा. मी उघडलं. पडदा काळा झाला, ‘अपडेट चालू आहे’ असं वर आलं. फोनवर ओटीपी आला, त्याने विचारला, मी सांगितला. पुन्हा आला, पुन्हा सांगितला.

ते दोन्ही मेसेज मी नंतर कितीदा तरी पाहिले. सहा आकड्यांच्या आधीच स्पष्ट लिहिलेलं होतं की हा ओटीपी 19,500 रुपये पाठवण्यासाठी आहे. दुसऱ्यात 18,000. मी फक्त आकडे वाचले, ओळ वाचलीच नाही. पैसे परत यायला ओटीपी लागतच नाही, पैसे जायला लागतो.

खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज आले तसा मी राजेंद्र नगरला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, आधी वायफाय बंद कर. लॅपटॉपला नंतर हात लाव.” मग 1930 वर फोन, मग बँकेला, नेट बँकिंग बंद. 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. 1930 ला फोन लावेपर्यंत माझा तासभर रडण्यात आणि ‘ह्यांना कसं सांगू’ या विचारात गेला. 42,499 पैकी 12,400 थांबवता आले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून घरच्यांना सांगायला लाज वाटत असली तरी बँकेला आधी कळवा.

आणि लॅपटॉपला झालं काय होतं? दुसऱ्या दिवशी भाच्याने तो टेबलावर ठेवला तर डुगडुगत होता. त्याने माझी स्टीलची पट्टी टचपॅडवर आडवी धरली. पट्टी मधोमध टेकली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. सिल्व्हर मॉलमधल्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन तळाचे स्क्रू काढले, तर आतली बॅटरी पाण्यात भिजलेल्या वहीसारखी फुगून बसलेली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली असते. जुनी झाली, उष्णता लागली, सतत चार्जरवर राहिली की आत वायू तयार होतो आणि ती फुगते. माझा लॅपटॉप पाच वर्षं रात्रंदिवस चार्जरलाच होता. खालून दाब आला की टचपॅडला वाटतं बोट फिरतंय. म्हणून बाण पळत होता, म्हणून पान सरकत होतं, म्हणून ती फाइल उघडली. नवी बॅटरी 2,200 रुपयांना पडली.

अशी बॅटरी दिसली तर तो लॅपटॉप लगेच बंद करा, चार्ज करू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. ती पेट घेऊ शकते.

बाण पळायला लागला तर मी आता काय करते, ते सांगते. माउस काढून ठेवायचा. तरी पळतोय? मग सेटिंगमध्ये जाऊन टचपॅड बंद करायचा आणि माउस परत लावायचा. थांबला, तर दोष टचपॅडचा, किंवा त्याच्या खाली काहीतरी आहे. फक्त चार्जर लावल्यावरच उड्या मारत असेल तर घरातल्या स्विचबोर्डाची अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांतून हे फार होतं. माउसचं चाक खाली फिरवल्यावर पान मधेच वर उसळत असेल तर बहुतेक त्या चाकात धूळ बसलेली असते किंवा चाक झिजलेलं असतं. काचेच्या टेबलावरही साधा माउस भरकटतो, खाली कागद ठेवून बघा. यातल्या कशालाही सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन करावा लागत नाही.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा फोन आला. वेगळा आवाज. “मैडम, आपका पैसा वापस आ रहा है, बस कंप्यूटर के सामने बैठिए.” माझं नाव आणि गेलेली रक्कम त्याला बरोबर माहीत होती. एकदा फसलेल्यांची यादी पुढे जाते आणि पुन्हा फोन येतात. मी काही न बोलता ठेवला आणि तो नंबर सायबर ठाण्यात जाऊन माझ्या तक्रारीत जोडून आले.