"गूळ काळा का?" या प्रश्नाला आठ महिने व्हिडिओतून उत्तर देताना

आमचं गुऱ्हाळ कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात. दिवाळीच्या आसपास चुलवाण पेटलं की उन्हाळा लागेपर्यंत काहील (रस आटवायची मोठी कढई) थंड होत नाही. आम्ही रसात हायड्रॉस, म्हणजे रंग उडवायची पावडर, घालत नाही, म्हणून गूळ पिवळाधमक न निघता तांबूस-काळपट निघतो. माझे सासरे, आप्पा, यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक डबा उघडतं आणि फोन करतं, "वहिनी, गूळ काळा का? जुना आहे का?" नोव्हेंबरपासून या प्रश्नाचं उत्तर मी व्हिडिओतून देतेय. आता जुलै लागलाय, तेव्हा अनुभव लिहिते.

पहिला व्हिडिओ बाहेरच्या माणसाकडून करून घेतला. 12,000 रुपये गेले. ड्रोनवरून उसाचं शिवार, संथ उठणारी वाफ, मागं बासरी. दिसायला सुरेख होता. लोक "छान" म्हणायचे आणि पुढच्याच ओळीत विचारायचे, "पण गूळ काळा का?"

जानेवारीत मी स्वतः फोनवर काढला. एका आदणाला, म्हणजे काहीलभर रसाचा गूळ व्हायला, आमच्याकडे अडीच-तीन तास लागतात, व्हिडिओ 2 मिनिटं 10 सेकंदांचा केला. त्यात मळीला, म्हणजे उकळत्या रसावर तरंगून येणाऱ्या गाळाला, सगळ्यात जास्त वेळ दिला. रस तापू लागला की रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं बुळबुळीत पाणी सोडतात. थोड्या वेळानं काहिलीत करडा-काळा दाट फेस वर येतो. रसातला गाळ त्या चिकटाला धरून तरंगतो आणि आप्पा तो झाऱ्यानं काठाकाठानं ओढून काढतात. हेच तर आमचं खरं काम! पण घाण्याच्या इंजिनापुढं बोलणं ऐकूच येत नव्हतं, म्हणून व्हिडिओ मूकच ठेवला. तो बघून दोघींनी ऑर्डर रद्द केली. "एवढी घाण असते होय गुळात?" मला ते फार लागलं.

मग कॉलरला लावायचा माईक घेतला. रस काढून झाला, इंजिन थांबलं, तेव्हा आप्पांना म्हटलं, तुम्हीच बोला. ते झारा वर धरून म्हणाले, "ही मळी बघा. ही काढायची म्हणून भेंडी. रंग उडवायला आम्ही काही घालत नाही. रस आटताना जो रंग चढतो, तोच ठेवतो." एवढंच बोलले. मळी तीच, काहीलही तीच, पण त्यानंतर एकीनंही घाण म्हटलं नाही.

दुसरी अडचण मात्र फोननं केली. गुऱ्हाळात अंधार, म्हणून फोन आपोआप उजेड वाढवायचा आणि आमचा काळपट गूळ पडद्यावर सोनेरी दिसायचा. ज्या रंगाबद्दल समजावून सांगायचं, तोच खोटा! लोक त्या भरवशावर मागवायचे आणि डबा उघडून नाराज व्हायचे. आता ढेप दारात दिवसाच्या उजेडात ठेवते, शेजारी पांढरा कागद, आणि पडद्यावर बोट दाबून उजेड पक्का करते. व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येक गूळवाल्यानं एवढं तरी करावंच.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर थेट पाठवला की चित्र मळकं व्हायचं. म्हणून यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवला आणि लिंक व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत, साठवली. यूट्यूब आलेखावर दाखवतं, लोक कुठं सोडून जातात. ड्रोनवाल्यातून बहुतेक जण सुरुवातीलाच जायचे. आप्पा बोलतात त्या व्हिडिओत ते थंड पाण्यात पाक सोडून बोटांनी गोळी वळवून बघतात, तिथं लोक मागं जाऊन पुन्हा बघतात. ते मला अपेक्षित नव्हतं.

आणि तक्रार आल्यावर पाठवून उपयोग नाही. तेव्हा ती सबब वाटते. मी आता पैसे घेण्याआधीच पाठवते, "हे बघून मग ठरवा" म्हणते. संक्रांतीला रंगासाठी दिवसाला दहा-बारा फोन यायचे, होळी-पाडव्याला दोन-तीनच आले. काही जण बघून घेत नाहीत, ते मला चालतं.

वयस्कर गिऱ्हाईक लिंक उघडत नाही, त्यांच्याशी फोनवरच बोलावं लागतं. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात (लिलावात) तर व्हिडिओ कोण बघणार? तिथं अजून पिवळ्या गुळालाच भाव जास्त. आमचे रवे (गुळाच्या ढेपा) तिथं गेले की आप्पांचा चेहरा उतरतो, आणि त्यावर माझ्याकडे अजून उपाय नाही.

सध्या प्रश्न पावसाचा आहे. "गूळ पाघळला, बिघडला का?" गूळ हवेतली ओल ओढतो, हे कितीही लिहून पाठवा, पटत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात एकाच ढेपेचे दोन तुकडे केले. एक घट्ट झाकणाच्या बरणीत, दुसरा उघड्या ताटलीत. चौथ्या दिवशी बरणीतला खडखडीत होता. आप्पांनी ताटली हळूच तिरकी केली आणि तुकड्याखालचा पाक कडेला ओघळत आला. व्हिडिओत तेवढंच ठेवलंय.