गोल चकत्यांचा हँडल-संच: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

झोपण्याच्या खोलीच्या दाराचे जुने हँडल वर्षभर मान टाकून होते. दाबले की खाली जायचे, पण परत येताना अर्ध्यावरच थांबायचे. जाता-येता ते हाताने वर ढकलण्याची घरातल्या सर्वांना इतकी सवय झाली होती की ते बिघडलेले आहे हेच आम्ही विसरलो होतो. एका दुपारी वडील आत असताना दार लागले आणि थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, "अगं, मूठ माझ्या हातात आली आहे." बाहेरची मूठ माझ्या हातात नुसती गरगर फिरत होती आणि कुलपाची जीभ मात्र जागची हलत नव्हती. शेवटी बाहेरच्या मुठीची पट्टी स्क्रू काढून उतरवली आणि उघडी पडलेली चौकोनी सळई पकडीने धरून फिरवली, तेव्हा कुठे दार उघडले.

त्यानंतर आणून मी स्वतः बसवलेल्या संचाचा हा अभिप्राय आहे. दाराच्या जाडीत खोबण करून आत बसवल्या जाणाऱ्या मॉर्टिस कुलपासाठीचा हा संच आहे. खोक्यात दोन हँडल, त्यांच्यामागे बसणाऱ्या ५२ मिलिमीटर व्यासाच्या दोन गोल चकत्या, किल्लीच्या भोकाभोवती लावायच्या तशाच आणखी दोन चकत्या, ८ मिलिमीटरची चौकोनी सळई, दारातून आरपार जाणारे दोन बोल्ट, लाकडाचे काही स्क्रू आणि एक ॲलन की एवढ्या वस्तू निघतात. हँडलमागच्या चकतीला विक्रेते 'रोझ' आणि सळईला 'स्पिंडल' म्हणतात. कुलूप आणि सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, संचात येत नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकते. हँडल उत्तम आहे, त्याच्यासोबत दिलेले किरकोळ सामान जेमतेम आहे आणि माहितीपत्रक तर नसते तरी चालले असते.

नवीन बसवण्यापूर्वी जुने हँडल मी टेबलावर ठेवून नीट पाहिले. ते जस्ताच्या मिश्रधातूचे होते. त्यावरचा चकचकीत मुलामा अजून शाबूत असला तरी सळई ज्या चौकोनी भोकात बसते त्याचे चारही कोपरे झिजून ते भोक जवळजवळ गोल झाले होते. सळई पोलादाची आणि भोक मऊ धातूचे, त्यामुळे झिजायचे कोणी हे आधीच ठरलेले असते. मात्र ही झीज एवढ्या लवकर का व्हावी, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर मला हँडलमध्ये मिळाले नाही. ते बिजागरीत मिळाले. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल झाल्यामुळे दार किंचित खाली बसले होते, त्यामुळे कुलपाची जीभ चौकटीवरच्या लोखंडी पट्टीच्या भोकात मध्यभागी न शिरता खालच्या कडेला घासत होती. जिभेला खडू फासून दार एकदा लावून पाहिले, तेव्हा पट्टीच्या खालच्या कडेवर पांढरी रेघ उमटली. अशा दाराचे हँडल प्रत्येक वेळी जरा जास्तच जोर लावून दाबावे लागते आणि तो सगळा जोर त्या चार कोपऱ्यांवर येतो. बिजागरीला अधिक लांब स्क्रू लावून दार वर घेतले नसते, तर नव्या हँडलचेही काही वर्षांत तेच झाले असते. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि ते नवीन हँडल विकत घेण्याआधी करावे, कारण क्वचित तेवढ्यानेच जुने हँडल सुधारते.

त्याचप्रमाणे कुलपाचीही परीक्षा आधी घ्यावी. दोन्ही हँडल काढून नुसती सळई कुलपात घालावी आणि ती हाताने फिरवून सोडून द्यावी. जीभ खटकन बाहेर आली तर कुलपातली स्प्रिंग जिवंत आहे असे समजावे. ती रेंगाळत आली, तर दोष कुलपात आहे आणि कितीही भारी हँडल लावले तरी ते पुन्हा मान टाकणार. माझे कुलूप या परीक्षेत काठावर उत्तीर्ण झाले, आणि म्हणूनच चकतीत स्वतःची स्प्रिंग असलेला संच मी निवडला. एका टोकाशी धरलेली आडवी मूठ आपल्याच वजनाने खाली ओढली जात असते. तिला दिवसभर आडवे तोलून धरण्याचे काम एकट्या कुलपाच्या स्प्रिंगवर टाकले की ती थकते. इथे प्रत्येक चकतीतली स्प्रिंग आपापल्या मुठीचा भार घेते आणि कुलपाच्या स्प्रिंगला फक्त जीभ ढकलण्याचे काम उरते. आठ महिन्यांनंतरही दोन्ही मुठी पातळी लावून पाहिल्या तर आडव्या आहेत, आणि या संचाच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

लांब पट्टीचे हँडल घ्यावे की गोल चकतीचे, हा निर्णय मात्र वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. लांब पट्टीवर मुठीचे भोक आणि किल्लीचे भोक ही दोन्ही एकाच पत्र्यात कापलेली असल्यामुळे त्यांच्या मध्यांमधले अंतर कुलपाशी तंतोतंत जुळावे लागते. हे अंतर कुठे ७२, कुठे ८५, तर कुठे ९२ मिलिमीटर असते, आणि त्यात दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही. गोल चकत्या सुट्या असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. कुलूप कोणत्याही मापाचे असो, मुठीची चकती मुठीच्या जागी आणि किल्लीची चकती किल्लीच्या जागी बसते. परंतु या सोयीची किंमत दाराच्या रंगाला मोजावी लागते. जुनी पट्टी काढल्यावर तिच्या जागी दारावर एक उभा, फिकट, काटकोनी चट्टा आणि स्क्रूंची चार भोके राहिली, आणि नव्या चकत्यांनी त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा झाकला. भोकांत लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, रंगाचे दोन हात दिले, तरी तिरप्या उजेडात तो चट्टा आजही दिसतो. दार पुन्हा रंगवण्याची तयारी नसेल, तर अंतर नीट मोजून पट्टीचेच हँडल घेतलेले बरे.

बसवण्याच्या कामातला खरा अवघड भाग म्हणजे आरपार बोल्ट. हे दोन बोल्ट सळईच्या वर आणि खाली, एकमेकांपासून ३८ मिलिमीटर अंतरावर, दारातून आणि कुलपाच्या पेटीतून पलीकडे जातात आणि दोन्ही चकत्यांना एकमेकींकडे ओढून धरतात. लाकडाच्या छोट्या स्क्रूंवर टांगलेली चकती रोजच्या ओढाताणीने कधी ना कधी सैल होतेच, बोल्टवर आवळलेली मात्र हलत नाही. त्यासाठी कुलपाच्या पेटीत त्याच अंतरावर भोके असावी लागतात आणि जुन्या कुलपांत ती असतीलच असे नाही. माझ्या कुलपात ती होती, हे माझे नशीब, कारण खोक्यावर याविषयी चकार शब्द लिहिलेला नाही. ज्यांच्या कुलपात ती नसतील त्यांना एकतर कुलूप बदलावे लागेल किंवा लाकडाच्या स्क्रूंवर समाधान मानावे लागेल, आणि मग या संचासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. भोके पाडताना कुलूप आधी बाहेर काढावे आणि दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडत मध्यावर यावे, नाहीतर ड्रिलचे टोक पलीकडे निघताना लाकडाची ढलपी उडवते. मी पहिले भोक एकाच बाजूने पाडले. ती ढलपी चकतीखाली झाकली गेली एवढेच बरे.

दिलेले बोल्ट माझ्या ३२ मिलिमीटर जाडीच्या दारासाठी लांब पडले, पण त्यांवर ठरावीक अंतरावर खाचा पाडलेल्या आहेत आणि पकडीने वाकवले की ते खाचेवर तुटतात. ही योजना मला आवडली. सळईबाबत तशी दया दाखवलेली नाही. ती आत पूर्ण घुसली तरी एक मूठ चकतीपासून चार-पाच मिलिमीटर दूरच राहत होती. अखेर सळई हॅक्सॉने कापून, कापलेले टोक कानशीने साफ करून पुन्हा घातली. कानस फिरवण्याचा कंटाळा करू नये. कापल्यावर टोकाला जी धारदार कड उभी राहते, ती मुठीच्या भोकात सळईला सरळ बसू देत नाही.

आणखी एक चूक मी केली, ती केवळ माहितीपत्रकामुळे. चकतीतल्या स्प्रिंगला दिशा असते. डावीकडे वळणाऱ्या मुठीची चकती वेगळी आणि उजवीकडे वळणाऱ्या मुठीची वेगळी. कोणती कोणत्या बाजूला लावायची हे दाखवणारा बाण चकतीच्या मागच्या काळ्या प्लास्टिकवर, काळ्याच रंगात, तांदळाच्या दाण्याएवढा उठवलेला आहे. चष्मा लावून आणि टॉर्च तिरपा धरून तो दिसतो. माहितीपत्रकातल्या सहा चित्रांपैकी एकाही चित्रात तो दाखवलेला नाही. उलट्या लावलेल्या चकत्यांमुळे दोन्ही मुठी दाबल्यावर तिथेच राहिल्या, आणि नवे हँडल पहिल्याच दिवशी जुन्यासारखे लोंबताना पाहून माझा जो चेहरा झाला असेल, तो वडिलांना आजही आठवतो. चकत्यांची अदलाबदल केल्यावर सर्व सुरळीत झाले.

खोक्यावर युरोपीय मानक ईएन १९०६ नुसारचे आठ अंक छापले आहेत. ते नुसते सजावटीचे नसतात, हे मला हा संच घेतल्यावर समजले. त्यातला दुसरा अंक टिकाऊपणाचा असतो. तिथे ६ असेल तर हँडल चाचणीत १,००,००० वेळा आणि ७ असेल तर २,००,००० वेळा दाबून पाहिलेले असते. सहावा अंक गंजरोधाचा असतो आणि तिथल्या ४ चा अर्थ मिठाच्या फवाऱ्यात २४० तास टिकले असा होतो. या संचावर ७ आणि ४ आहेत. आमच्या खोलीचे दार दिवसातून चाळीसेक वेळा उघडते असे धरले, तर वर्षाला १४,६०० वेळा झाले. म्हणजे २,००,००० चा आकडा गाठायला जवळजवळ पावणेचौदा वर्षे लागतील. घरातल्या दाराला एवढे पुष्कळ झाले. अर्थात चाचणीतले दार खाली बसलेले नसते आणि त्याच्या मुठीला कोणी ओल्या पिशव्या टांगत नाही.

हातात धरल्यावर मूठ भरीव वाटत नाही, कारण ती ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पोकळ नळी आहे. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि लोहचुंबक त्याला जवळजवळ चिकटत नाही. घरचे चुंबक मुठीवरून घसरून गेले आणि सळईला मात्र खटकन चिकटले, म्हणजे सळई साध्या पोलादाची आहे. ती दाराच्या आत राहत असल्यामुळे कोरड्या खोलीत हरकत नाही, पण सतत ओल असलेल्या ठिकाणी मी तिच्यावर ग्रीसचा हात फिरवल्याशिवाय ती बसवणार नाही. पृष्ठभाग मंद चमकीचा, उभ्या बारीक रेघांचा आहे. त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत आणि आठ महिन्यांत नखाएवढाही ओरखडा उठलेला नाही. काळा मुलामा दिलेला प्रकारही मिळतो आणि तो अधिक देखणा आहे, परंतु अंगठी घालणाऱ्या हातांपुढे मुलाम्याचा टिकाव लागत नाही हा माझा जुना अनुभव आहे. तक्रार करायचीच तर एक करता येईल. मूठ जिथे दाराकडे वळते, तिथे आतल्या अंगाला जोडाची बारीक रेघ राहिली आहे आणि दाबताना ती तर्जनीला लागते. बोचत नाही, पण एकदा कळली की दर वेळी कळते.

मुठीचे मोकळे टोक दाराकडे वळवलेले आहे, ही खरेदी करताना मी दुर्लक्षिलेली आणि आता सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट आहे. जुन्या हँडलचे सरळ टोक सदऱ्याच्या खिशात किंवा पिशवीच्या बंदात अडकून माणसाला मागे खेचत असे. आता कोपराने दाबून, दोन्ही हात भरलेले असतानाही, आत जाता येते. वडिलांची बोटे सकाळी आखडलेली असतात. त्यांना गोल गड्डा फिरवता आला नसता, ही मूठ ते तळहाताने दाबतात.

तिसऱ्या महिन्यात बाहेरच्या मुठीत थोडा खेळ आला. मुठीच्या खालच्या बाजूला एक बिनडोक्याचा छोटा स्क्रू असतो आणि तो सळईच्या सपाट बाजूवर टेकून मुठीला धरून ठेवतो. तोच अर्धा आटा सैल झाला होता. संचातली ॲलन की इतक्या मऊ धातूची आहे की दुसऱ्याच वापरात तिचे कोपरे गेले, त्यामुळे चांगल्या प्रतीची २.५ मिलिमीटरची की वेगळी आणावी लागली. स्क्रू पूर्ण काढून, त्याच्या आट्यांवर पकड घट्ट ठेवणाऱ्या द्रावाचा एक थेंब लावून पुन्हा आवळला आणि त्यानंतरचे पाच महिने तो हललेला नाही. हा थेंब बनवणाऱ्याने कारखान्यातच लावला असता, तर मला या परिच्छेदाची गरज पडली नसती.

उरलेल्या दोन खोल्यांपैकी एका दाराला रंग काढायचाच आहे, म्हणून तिथे हाच संच पुन्हा घेणार आहे. दुसऱ्या दाराचा रंग अजून चांगला आहे. त्याचे अंतर मी कॅलिपरने तीनदा मोजले, तिन्ही वेळा ७२ भरले, आणि त्याच बनावटीच्या लांब पट्टीच्या हँडलची मागणी काल नोंदवली.